विश्लेषण : हिरड्यांतून येणारे रक्त थांबवणारे फळ १७४७ मध्येच सापडले होते, मग ते खलाशांपर्यंत पोहोचायला ४८ वर्षे का लागली?

ब्रश करताना बेसिनमध्ये रक्त दिसले की आपण आधी टूथपेस्ट बदलतो. मग कुणी लवंगेचे तेल सुचवते, कुणी हळद-मीठ, कुणी व्हिटॅमिन सीच्या गोळ्या. मोबाइलवर एकदा शोधले की पुढचे आठ दिवस ‘शंभर टक्के वनस्पतीजन्य’ चूर्ण आणि गमीच्या जाहिराती पाठ सोडत नाहीत. यातले नेमके काय हिरड्यांना उपयोगी पडते?

हाच प्रश्न पावणेतीनशे वर्षांपूर्वी एका स्कॉटिश डॉक्टरने एका युद्धनौकेवर विचारला. बारा आजारी खलाशी, सहा उपाय आणि दोन आठवडे, एवढ्या सामग्रीवर त्याने उत्तरही मिळवले. त्या सहा उपायांत फळे होती, तसेच लसूण, मोहरी, मुळा आणि हिराबोळ यांचे वनस्पतीजन्य चाटणही होते. एकाने रुग्ण उभे राहिले, दुसऱ्याने काहीच झाले नाही. या डॉक्टरचे नाव जेम्स लिंड. आहार आणि हिरड्या यांचा संबंध समजून घ्यायचा, तर त्यांचे आयुष्य पाहणे हा सोपा मार्ग आहे. त्यांना काय सापडले आणि हातातले उत्तर कसे निसटले, हे दोन्ही त्यातून कळते.

जेम्स लिंड कोण होते?

लिंड यांचा जन्म १७१६ मध्ये एडिनबरो येथे एका व्यापारी कुटुंबात झाला. पंधराव्या वर्षी, १७३१ मध्ये, ते त्याच शहरातील जॉर्ज लँगलँड्स या शल्यचिकित्सकाकडे उमेदवारी करू लागले. त्या काळी पदवीधर वैद्य आणि शल्यचिकित्सक हे दोन वेगळे वर्ग होते. पहिल्यांना प्रतिष्ठा होती, तर दुसरे हाताने काम करणारे कारागीर समजले जात. लिंड यांची सुरुवात दुसऱ्या वर्गात झाली.

१७३९ मध्ये ते ब्रिटिश नौदलात शल्यचिकित्सकाचे मदतनीस म्हणून दाखल झाले. भूमध्य समुद्र, पश्चिम आफ्रिकेचा किनारा, वेस्ट इंडिज अशा ठिकाणी त्यांनी नोकरी केली. १७४७ मध्ये ते ‘सॅलिसबरी’ या युद्धनौकेवर शल्यचिकित्सक झाले. वय होते तीस.

तोवर नौदलाला एक मोठा धक्का बसून गेला होता. जॉर्ज अॅन्सन यांच्या नेतृत्वाखाली १७४० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणेला निघालेल्या ताफ्यातील हजाराहून अधिक माणसे परतली नव्हती. शत्रूच्या तोफांनी त्यांतील मोजकेच गेले. बाकीचे बहुतेक आजाराने गेले आणि त्या आजारांत सर्वांत मोठा होता स्कर्व्ही.

स्कर्व्हीमध्ये हिरड्यांचे काय होते?

लांबच्या प्रवासात खलाशांचे जेवण ठरलेले असे. खारवलेले मांस, कडक बिस्किटे, वाळलेले वाटाणे, ओटची पेज आणि बिअर. पोट भरत असे, पण ताजे काही नसे. जहाजाने किनारा सोडल्यावर काही आठवड्यांत माणसे मलूल होत. गुडघे दुखत, पायांवर काळेनिळे डाग उठत, जुन्या भरलेल्या जखमा पुन्हा उघडत.

सगळ्यांत आधी नजरेत भरे ते तोंड. हिरड्या सुजून स्पंजासारख्या मऊ होत, दातांवर चढत, हात लागताच रक्त येई. पुढे त्या सडत, तोंडाला असह्य दुर्गंधी येई, दात हलून पडत. त्यामुळे अनेक जण या आजाराला तोंडाचाच आजार समजत आणि गुळण्यांचे औषध देत. आजार संपूर्ण शरीराचा होता. तोंडात तो फक्त लवकर दिसत असे.

लिंबू-संत्र्याने स्कर्व्ही बरा होतो, हे काही दर्यावर्दींना आधीपासून ठाऊक होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरील शल्यचिकित्सकांसाठी जॉन वुडॉल यांनी १६१७ मध्ये लिहिलेल्या पुस्तकातही लिंबाच्या रसाची शिफारस आहे. पण अशा शिफारशी डझनावारी होत्या. कुणी व्हिनेगर म्हणे, कुणी समुद्राचे पाणी, कुणी सौम्य गंधकाम्ल. प्रत्येकाकडे बरे झालेल्या एखाद्या रुग्णाची गोष्ट होती. हे सगळे उपाय एकाच वेळी, सारख्याच रुग्णांवर शेजारी शेजारी ठेवून पाहिल्याची नोंद मात्र नव्हती.

२० मे १७४७ : चाचणी कशी झाली?

त्या दिवशी लिंड यांनी स्कर्व्हीचे बारा रुग्ण निवडले. शक्य तितकी सारखी लक्षणे असलेले. सगळ्यांच्या हिरड्या बिघडलेल्या, अंगावर डाग, गुडघ्यांत अशक्तपणा. सगळ्यांना जहाजाच्या एकाच भागात ठेवले आणि सगळ्यांना सारखेच जेवण दिले : सकाळी गोड पेज, दुपारी मटणाचा रस्सा किंवा हलके पुडिंग, रात्री जव-मनुका, भात किंवा साबुदाणा असे काही.

मग दोघांच्या सहा जोड्या केल्या. जेवण तेच, जागा तीच, फक्त उपाय वेगळा :

• पहिली जोडी : रोज सुमारे एक लिटर सायडर, म्हणजे सफरचंदाची आंबवलेली वारुणी.
• दुसरी जोडी : सौम्य गंधकाम्लाचे २५ थेंब दिवसातून तीनदा, शिवाय त्याच आम्लाच्या गुळण्या.
• तिसरी जोडी : दोन चमचे व्हिनेगर दिवसातून तीनदा, जेवणातही व्हिनेगर आणि त्याच्याच गुळण्या.
• चौथी जोडी : रोज सुमारे पाव लिटर समुद्राचे पाणी. या जोडीत सर्वांत गंभीर रुग्ण होते.
• पाचवी जोडी : रोज दोन संत्री आणि एक लिंबू.
• सहावी जोडी : जायफळाएवढी चाटणाची गोळी दिवसातून तीनदा. त्यात लसूण, मोहरी, वाळलेल्या मुळ्याची पूड, हिराबोळ आणि ‘पेरू बाल्सम’ हा मध्य अमेरिकेतील एका झाडाचा सुगंधी चीक (आपल्या पेरूच्या फळाशी त्याचा संबंध नाही). सोबत प्यायला चिंच घातलेले जवाचे पाणी.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकीचे सगळे स्थिर ठेवायचे, हे आज शाळेच्या प्रयोगवहीतही शिकवतात. १७४७ मध्ये वैद्यकात ही पद्धत रूढ नव्हती. म्हणूनच २० मे हा दिवस आता जगभर ‘क्लिनिकल ट्रायल डे’ म्हणून पाळला जातो.

निकाल काय लागला?

संत्री-लिंबे सहा दिवसांतच संपली. जहाजावर तेवढीच होती. पण तेवढ्यातही फरक उघड दिसला. त्या जोडीतील एक जण सहाव्या दिवशी कामावर जाण्याइतका बरा झाला. त्याच्या हिरड्या पूर्ण भरायच्या होत्या, डागही पुरते गेले नव्हते, पण तो उभा होता. दुसऱ्याची तब्येत इतकी सुधारली, की उरलेल्या रुग्णांच्या शुश्रूषेला त्यालाच नेमले.

सायडरच्या जोडीला दोन आठवड्यांनी किंचित बरे वाटू लागले. व्हिनेगर, समुद्राचे पाणी आणि चाटण यांचा उपयोग झाला नाही.

लिंड यांनी टिपलेले एक निरीक्षण आजच्या वाचकासाठी फार मोलाचे आहे. गंधकाम्लाच्या गुळण्या करणाऱ्यांची तोंडे इतरांपेक्षा स्वच्छ दिसत होती. बाकीचा आजार मात्र जागच्या जागी होता. तोंड धुऊन तोंड साफ झाले, पण हिरड्या कशामुळे बिघडल्या, तिथपर्यंत गुळणी पोहोचली नाही.

वनस्पतीजन्य चाटण का हरले?

कारण आज सांगता येते. स्कर्व्ही होतो तो व्हिटॅमिन सीच्या कमतरतेने. वाळवलेल्या मुळ्यात, मोहरीत किंवा हिराबोळात ते जवळजवळ नसते. ताज्या लसणात थोडे असते, पण जायफळाएवढ्या गोळीत लसूण येणार तो किती? चिंच आंबट असली तरी तिच्यात व्हिटॅमिन सी नगण्यच. चिंचेचा आंबटपणा मुख्यतः टार्टारिक आम्लाचा, व्हिनेगरचा अॅसेटिक आम्लाचा आणि लिंबाचा सायट्रिक आम्लाचा. लिंबाच्या रसात आम्लाबरोबर व्हिटॅमिन सीही असते, पण ते जिभेला वेगळे कळत नाही.

त्या काळच्या वैद्यांची समजूत होती, की शरीर आतून सडते आणि आम्ल ते सडणे थांबवते. म्हणून सगळी आंबट औषधे त्यांना एकाच माळेचे मणी वाटत. लिंड यांच्या तक्त्याने ती समजूत मोडायला हवी होती. व्हिनेगर आंबट, गंधकाम्ल त्याहून आंबट. दोन्ही फसले आणि लिंबू-संत्रे जिंकले. म्हणजे गुण आंबटपणात नव्हता. पण हा निष्कर्ष कुणी काढला नाही, खुद्द लिंड यांनीही नाही.

मग लिंड कुठे चुकले?

१७४८ मध्ये लिंड यांनी नौदल सोडले, एडिनबरो विद्यापीठातून वैद्यकाची पदवी घेतली आणि तिथेच व्यवसाय सुरू केला. १७५३ मध्ये त्यांचा स्कर्व्हीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो अॅन्सन यांनाच अर्पण केला आहे. चारशेहून अधिक पानांच्या या ग्रंथात त्या चाचणीला मिळाले ते मोजके परिच्छेद. बाकी पानांत आधीच्या लेखकांचा आढावा आणि आजाराची उपपत्ती होती.

ती उपपत्ती अशी : समुद्रावरच्या दमट हवेने त्वचेची रंध्रे बंद होतात, घामावाटे जायचे ते आत साचते आणि शरीर बिघडते. ताज्या भाज्यांचा अभाव त्यांना महत्त्वाचा वाटत होता, पण अनेक कारणांपैकी एक म्हणून. अन्नात एखादा घटक नसल्यानेच माणूस आजारी पडू शकतो, ही कल्पना तेव्हा जन्मली नव्हती. हातात आकडे होते, पण ते ठेवायला खण नव्हता.

दुसरी अडचण व्यवहाराची होती. लिंबे महिनोन्‌महिने टिकणार कशी? लिंड यांनी तोडगा काढला : रस मंद आचेवर तासन्‌तास आटवून घट्ट पाक करायचा आणि बाटल्यांत भरायचा. या पाकाला ‘रॉब’ म्हणत. जागा कमी लागे, रंग-चव लिंबाची राही. पण व्हिटॅमिन सी उष्णतेने आणि हवेने नष्ट होते. आटवताना बरेचसे जाई आणि साठवणुकीत आणखी घटे. आंबटपणा तेवढा शाबूत राही.

ताज्या फळावर केलेली चाचणी त्यांनी आटवलेल्या पाकाला लावली आणि पाकाची वेगळी चाचणी केली नाही. पुढे ज्या जहाजांवर रॉब वापरले गेले, तिथे फारसा गुण दिसला नाही आणि बदनाम झाले ते लिंबू. आजच्या भाषेत सांगायचे तर अभ्यास फळाचा होता आणि बाजारात आला अर्क.

हॅस्लारमधील पंचवीस वर्षे

१७५८ मध्ये लिंड यांची पोर्ट्समथजवळील हॅस्लार येथील नव्या नौदल रुग्णालयात मुख्य वैद्य म्हणून नेमणूक झाली. त्या काळच्या युरोपातील विटांच्या सर्वांत मोठ्या इमारतींत हॅस्लारची गणना होई. पहिल्या दोन वर्षांतच स्कर्व्हीचे हजारावर रुग्ण तिथे आले. जगात इतर कोणत्याही वैद्याला क्वचितच मिळाली असेल, अशी निरीक्षणाची संधी लिंड यांना मिळाली.

काम त्यांनी भरपूर केले. समुद्राचे पाणी तापवून त्याच्या वाफेपासून पिण्याचे पाणी मिळवता येते, हे त्यांनी दाखवले. जहाजांवर टायफस पसरू नये म्हणून नव्या भरतीच्या खलाशांना आंघोळ घालून स्वच्छ कपडे देण्याचा आग्रह धरला. उष्ण प्रदेशांत युरोपियनांना होणाऱ्या आजारांवर १७६८ मध्ये ग्रंथ लिहिला. स्कर्व्हीच्या बाबतीत मात्र त्यांचा आवाज वाढण्याऐवजी मंदावत गेला. हॅस्लारमध्ये रुग्ण ताजे अन्न मिळताच बरे होत. मग गुण कशाचा, फळाचा, भाज्यांचा, विश्रांतीचा की कोरड्या हवेचा? १७७२ च्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत त्यांची खात्री आधीपेक्षा कमी झालेली दिसते. ‘सॅलिसबरी’वर एका वेळी एकच गोष्ट बदलली होती, रुग्णालयात सगळेच एकदम बदलत होते.

१७८३ मध्ये ते निवृत्त झाले आणि त्यांची जागा मुलगा जॉन याने घेतली. १३ जुलै १७९४ रोजी गॉस्पोर्ट येथे लिंड यांचे निधन झाले. नौदलाने तोवर लिंबाचा रस सक्तीचा केला नव्हता.

नौदलाने अखेर कधी ऐकले?

लिंड गेले त्याच वर्षी ‘सफोक’ ही युद्धनौका मद्रासकडे निघाली. कित्येक आठवड्यांचा हा प्रवास कुठेही न थांबता झाला. प्रत्येक खलाशाला रोज सुमारे २० मिलिलिटर लिंबाचा रस साखर आणि रमच्या पेयात घालून दिला जाई. आटवलेला पाक नव्हे, रस. स्कर्व्हीची मोठी साथ आली नाही. ज्यांना थोडी लक्षणे दिसली, ते जादा रसाने बरे झाले.

पुढच्याच वर्षी, १७९५ मध्ये, गिल्बर्ट ब्लेन या वजनदार वैद्याच्या पाठपुराव्याने नौदलाने लिंबाचा रस मान्य केला. ब्लेन यांनी लिंड यांच्या कामाचा आधार घेतला होता. त्यांच्याकडे लिंड यांना कधी न लाभलेले सामाजिक वजनही होते. हॅस्लारमध्ये १७८० च्या सुमारास वर्षाला हजारावर असणारे स्कर्व्हीचे रुग्ण एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हातावर मोजण्याइतके उरले.

चाचणीपासून अंमलबजावणीपर्यंत ४८ वर्षे गेली. या काळात इंग्लंडने तीन मोठी युद्धे लढली आणि त्यांत खलाशी तोफांपेक्षा आजाराने जास्त मेले. त्यांतील किती जण रोजच्या एका लिंबाने वाचले असते, याचा नेमका हिशेब आता होणार नाही.

धडा पुन्हा कसा विसरला गेला?

कारण माहीत नसेल तर उपाय टिकत नाही. १८६० च्या दशकात ब्रिटिश नौदलाने भूमध्य समुद्राकडील मोठ्या पिवळ्या लिंबांऐवजी वेस्ट इंडिजमधील लहान हिरव्या लिंबांचा रस घ्यायला सुरुवात केली. ही लिंबे आपल्या कागदी लिंबाच्याच जातीची. पुरवठा आपल्याच वसाहतींतून आणि रसही आंबट, म्हणून कुणी हरकत घेतली नाही. पण या साठवलेल्या रसात व्हिटॅमिन सी बरेच कमी होते. १८७५-७६ च्या उत्तर ध्रुव मोहिमेत रस असूनही स्कर्व्ही झाला आणि लिंबावरचा विश्वास पुन्हा उडाला.

याची झळ आपल्या माणसांनाही बसली. पहिल्या महायुद्धात, डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ दरम्यान, आजच्या इराकमधील कुत-अल-अमारा येथे ब्रिटिश-भारतीय सैन्याला तुर्कांनी वेढा घातला. अडकलेली तुकडी होती सहावी पूना डिव्हिजन आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. रसद संपत आल्यावर ब्रिटिश सैनिक घोड्याचे ताजे मांस खाऊ लागले. बहुसंख्य भारतीय जवानांनी धर्म-रिवाजामुळे ते बराच काळ नाकारले. त्यांच्या वाट्याला पीठ आणि थोडेफार धान्य उरले, ताजी भाजी नाही. स्कर्व्हीने त्यांना ग्रासले.

याच युद्धकाळात लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी महिला शास्त्रज्ञ नेमके हेच तपासत होत्या : ताजे फळ न मिळणाऱ्या सैन्याला स्कर्व्हीपासून कसे वाचवायचे? त्यांना दिसले, की कोरड्या डाळी-कडधान्यांत स्कर्व्ही रोखण्याचा गुण जवळजवळ नसतो, पण तेच कडधान्य भिजवून मोड आणले की तो गुण येतो. वाळवंटातही नेता येईल असा हा उपाय. मोड आलेली मटकी मराठी स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिच्या मोडांचे हे काम प्रयोगशाळेत सिद्ध झाले ते १९१७ ते १९१९ च्या दरम्यान.

शरीरात नेमके काय घडते?

हंगेरियन शास्त्रज्ञ अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी १९२८ मध्ये वेगळे केलेले एक द्रव्य म्हणजेच व्हिटॅमिन सी असल्याचे १९३२ मध्ये स्पष्ट झाले. पुढे त्यांना ते मोठ्या प्रमाणात मिळाले ते लाल मिरचीच्या पॅप्रिका या प्रकारात. १९३७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

दात हाडात सिमेंटसारखा पक्का बसवलेला नसतो. कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या असंख्य तंतूंनी तो झुलत्या पुलासारखा बांधलेला असतो. कोलॅजनचा प्रत्येक धागा म्हणजे तीन पदरांची वेणी. ती घट्ट बसण्यासाठी जी रासायनिक क्रिया लागते, ती व्हिटॅमिन सी नसेल तर अडते. वेणी सैल पडते. दाताभोवतीचे तंतू शरीर सतत बदलत असते, त्यामुळे देखभाल थांबल्याचा परिणाम तिथे लवकर दिसतो. बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीही याच प्रथिनाच्या आधारावर असतात. त्या कमजोर झाल्या की रक्त येते. जुन्या जखमा का उघडत, याचेही उत्तर हेच.

बहुतेक प्राणी व्हिटॅमिन सी स्वतःच्या शरीरात तयार करतात. माणूस, माकडे, गिनीपिग असे मोजके प्राणी ते करू शकत नाहीत. आपला साठा आहारावर अवलंबून असतो आणि तो पूर्ण बंद झाला तर साधारण एक ते तीन महिन्यांत लक्षणे दिसू लागतात.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी नोंदवली आहे : स्कर्व्हीतही हिरड्या सुजतात त्या दात असलेल्या जागी. दात नसलेल्यांच्या हिरड्या बहुधा तशा सुजत नाहीत. म्हणजे व्हिटॅमिनची कमतरता आणि दातांवरचा जंतूंचा थर, दोघे मिळून हिरडी बिघडवतात.

मग आज हिरड्यांतून रक्त आले तर व्हिटॅमिन सी कमी आहे का?

बहुतेकदा नाही. आज रक्त येण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे दात आणि हिरडीच्या कडेला साचणारा जंतूंचा चिकट थर, म्हणजे प्लाक. तो काढला नाही तर कडक होतो आणि मग ब्रशने निघत नाही. दंतवैद्याकडेच साफ करावा लागतो. मधुमेह, गरोदरपणातील बदल, रक्त पातळ करणारी औषधे आणि क्वचित रक्ताचे गंभीर आजार यांमुळेही हिरड्यांतून रक्त येते. तंबाखू आणि मिश्रीने हिरड्यांचे नुकसान होते. सिगारेट ओढणाऱ्यांत तर रक्त कमी येते, त्यामुळे आतला आजार झाकला जातो.

स्कर्व्ही अजून नाहीसा झालेला नाही. महिनोन्‌महिने फळे-भाज्या न खाणारे, एकटे राहणारे वृद्ध, दारूचे व्यसन असलेले, अगदी मोजकेच पदार्थ खाणारी मुले यांच्यात तो आजही आढळतो. रक्तासोबत अंगावर डाग, सांधेदुखी, न भरणाऱ्या जखमा असतील तर डॉक्टरांना आपला आहारही सांगा.

आहाराचा परिणाम मात्र स्कर्व्हीपुरता नाही. जर्मनीतील फ्रायबर्ग विद्यापीठाच्या २०१६ मधील एका छोट्या अभ्यासात १५ जण होते. त्यांतील काहींनी चार आठवडे साखर-मैदा कमी केला आणि ओमेगा-३, व्हिटॅमिन सी व तंतुमय पदार्थ वाढवले. त्यांच्या हिरड्यांची सूज कमी झाली, दातांवरचा थर मात्र तसाच होता. १५ जणांचा अभ्यास म्हणजे अंतिम निकाल नव्हे, पण दिशा कळते.

गोळ्या आणि चूर्णांचे काय?

व्हिटॅमिन सी कमी असेल तर गोळी उपयोगी पडते, आणि लागते तेही थोडे. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधील शेफील्ड येथे २० स्वयंसेवकांवर झालेल्या प्रयोगात रोज फक्त १० मिलिग्रॅमने स्कर्व्ही टळला आणि बराही झाला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०२० ची शिफारस त्याहून बरीच जास्त आहे : प्रौढ पुरुषांना रोज ८० आणि स्त्रियांना ६५ मिलिग्रॅम. शरीरात पुरेसे असताना गोळ्या वाढवून हिरड्या आणखी मजबूत होतात, असा ठोस पुरावा नाही. दीर्घकाळ मोठा डोस घेतल्यास काहींना मुतखड्याचा धोका वाढतो.

हळद, कडुनिंब, त्रिफळा, ग्रीन टी यांच्या गुळण्या किंवा जेलवर छोटे अभ्यास झाले आहेत. काहींत दातांवरचा थर आणि सूज कमी झाल्याचे दिसते. पण अभ्यास लहान आणि थोड्या दिवसांचे आहेत. शिवाय ते गुळण्यांचे आहेत, गिळायच्या कॅप्सूलचे नाहीत. ग्रीन टी किंवा हळदीच्या तीव्र अर्काच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांशी काही अर्कांचा संघर्ष होतो. असे काही घेण्याआधी डॉक्टरांना विचारणे बरे. लिंबू दातांवर चोळणे तर टाळाच; आम्लाने दाताचे वरचे आवरण झिजते. लिंबू पोटात जाऊन काम करते.

ताटात काय असावे?

महागडे काही लागत नाही. १०० ग्रॅम पेरूत सुमारे २०० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी असते, संत्र्याच्या कित्येक पट. आवळा, शेवग्याचा पाला, कोथिंबीर, ढोबळी मिरची, पपई, मोड आलेली कडधान्ये हीदेखील चांगली साधने. शिजवताना काही भाग नष्ट होतो, म्हणून लिंबू वाढताना पिळावे, कोथिंबीर शेवटी घालावी, रोज थोडे कच्चे खावे. मोरावळ्यात आवळा असला तरी पाकात मुरताना काय होते, ते रॉबच्या कहाणीवरून लक्षात यावे.

आणि पुढच्या वेळी हिरड्यांसाठीचे एखादे उत्पादन समोर आले, तर ‘सॅलिसबरी’वरचे प्रश्न विचारा. याची तुलना कशाशी केली? बाकीचे सगळे सारखे ठेवले होते का? ज्या वस्तूची चाचणी झाली, तीच या डबीत आहे का? पहिले दोन प्रश्न लिंड यांनी स्वतः विचारले होते. तिसरा राहून गेला.